दादाच्या लाखोळीवरचे राजहंस

लग्न होऊन नागपूरला येईपर्यंत माझं काम राजहंस हाकलायचं होतं. हे सांगितलं की लोकांना वाटतं, म्हातारी पुन्हा सुरू झाली. नातवंडं तर एकमेकांकडे बघून घेतात. पण यात बनाव काहीच नाही. कुहीच्या पलीकडे, नदीच्या काठी आमचं गाव होतं. दिवाळीच्या आसपास थंडी पडायला लागली की उत्तरेकडून, हिमालय ओलांडून म्हणे, हे पक्षी यायचे आणि एवढं सगळं उडून झाल्यावर नेमके आमच्या लाखोळीत उतरायचे. लाखोळी म्हणजे आमच्याकडची बिनखर्चाची डाळ. धान उभं असतानाच त्याच्या पायाशी, ओल्या चिखलात बी फेकून द्यायचं. धान कापलं की ती आपली आपण वर येते, तिला ना नांगर लागतो ना पाणी. बोटभर असताना ती फार कोवळी असते. माणसाला आवडते तशीच राजहंसालाही.

दादा माझ्याहून मोठा, पण तो बैलांच्या मागे, म्हणून हे काम माझ्या वाट्याला आलं. सकाळी शाळेच्या आधी आणि संध्याकाळी दिवेलागणीपर्यंत धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, उभं राहायचं, तेलाचा रिकामा डबा काठीने बडवायचा आणि घसा फाटेपर्यंत ओरडायचं. मी स्वतःला सेनापती समजत होते. दोन वेण्या, नाकाला शेंबूड, फ्रॉकवर दादाचा जुना शर्ट, आणि चालणं असं, की सगळी फौज माझ्या हुकमाची वाट पाहून राहिली आहे. मी डबा वाजवला की राजहंस एकदम उठायचे, एक गोल चक्कर मारायचे आणि शेजारच्या वावरात जाऊन बसायचे. शेजारच्या वावरात शेजारची पोरगी डबा घेऊन उभी असायची. ती त्यांना पलीकडे पाठवायची, पलीकडची पुढे, आणि थोड्या वेळाने ते फिरून माझ्याकडे. म्हणजे गावातल्या सगळ्या पोरी मिळून आम्ही तेच ते राजहंस एकमेकींच्या लाखोळीत ढकलत होतो आणि रात्री प्रत्येकीच्या घरी सांगत होतो की आज मी सगळे हाकलले. राजहंसांचं पोट मात्र व्यवस्थित भरत होतं. हा हिशेब मला बरीच वर्षं कळला नाही. अक्कल मला उशिरा आली, आणि आली तेव्हा गुडघेदुखी सोबत घेऊन आली.

लग्नानंतर मी नागपूरच्या नंदनवन वस्तीत आले. माझा नवरा नोकरीवाला, सासू बोलकी. माहेरचं काय सांगावं असं माझ्याजवळ फार नव्हतं. दुसऱ्या सुनांच्या माहेरी कोणाकडे गिरणी होती, कोणाचा भाऊ मास्तर होता. मी म्हटलं, "आमच्या वावरात राजहंस येतात." सासूने ते गल्लीभर केलं. आता गल्लीने राजहंस पाहिला होता तो देवीच्या कॅलेंडरवर: दुधासारखा पांढरा, मान अशी लांब वळवलेली, चोचीत कमळाचा देठ. बाया मला विचारायच्या, "मोती खाते म्हणतात, खरं काय वं?" मी म्हणायचे, "आमच्याकडे लाखोळी खातात." त्यांना तो माझा विनय वाटायचा. मलाही तो वाटू लागला होता.

शेवटी नवऱ्याला राहवलं नाही. लग्नानंतरच्या दुसऱ्या दिवाळीला तो इस्त्रीची पँट घालून माझ्यासोबत गावाला आला आणि पहाटेच वावरात जाऊन उभा राहिला. मी सीताबर्डीवरून घेतलेली नायलॉनची साडी आणि उंच टाचेची चप्पल घालून धुऱ्यावरून चालले होते. एका चपलेची टाच चिखलात राहिली, ती अजून तिथेच असेल. समोर लाखोळीत राजहंस चरत होते. राखाडी अंग, पिवळे पाय, पांढऱ्या डोक्यावर मागच्या बाजूला दोन काळे पट्टे, आणि आवाज असा, जणू लग्नाच्या पंगतीत वाढप्यांचं भांडण लागलं आहे.

"हे काय?" नवरा म्हणाला. "हे तं बदकं होत."

"लहान आहेत," मी म्हटलं. "मोठे झाले की पांढरे होतात."

त्याने मान हलवली. बिचारा सरळ माणूस. पुढे कितीतरी वर्षं तो पाहुण्यांना हेच सांगायचा आणि मी भाकरी थापत ऐकत राहायचे. त्या वयात मला हरणं मंजूर नव्हतं. बदकाच्या बाबतीतसुद्धा नाही.

मग धरण झालं. ते काही एका दिवसात झालं नाही. होणार, होणार म्हणत आमची आई गेली, बाप गेला, आणि खरंच झालं तेव्हा गाव सोडायला दादा आणि वहिनीच उरले होते. रस्त्याच्या कडेला नवीन गाव वसलं. सरळ गल्ल्या, सारखी घरं, सावलीला अजून कंबरेएवढीच झाडं. जुनं गाव पाण्याखाली गेलं: घर, विहीर, शाळा, मातामायचं देऊळ, चिंचा, सगळं. आमचं वावर उताराचं होतं. खालचा भाग बुडाला आणि वरचं टेकाड तेवढं उरलं. तिन्ही बाजूंनी पाणी आणि मधे लांब, निमुळती अशी जमीन, जणू कोणी पाण्यात नाक खुपसून पाहतंय. आम्ही त्याला नाकच म्हणायला लागलो. कागदावर ते आता आमचं नव्हतं, पण त्या नाकावर जायला दादाला कोणी अडवलं नाही. तिथे दुसऱ्या कोणाला जायचंच नव्हतं.

दादा दर वर्षी नवरात्रात नवीन गावातून चालत तिथे जायचा आणि लाखोळी फेकायचा. सुरुवातीला थोडीफार डाळ घरी यायची. मग ते कमी होत गेलं. एका दिवाळीला मी गेले तर राजहंस लाखोळीत आरामात चरत होते आणि दादा टेकाडावर बसून विडी ओढत होता.

मी म्हटलं, "काहून गा दादा, हाकलत नाही काय?"

"कोणाच्या वावरात हाकलू?" दादा म्हणाला.

मी बसले त्याच्याजवळ. तिन्ही बाजूंना पाणीच होतं. खरंच, कोणाच्या वावरात हाकलणार?

त्यानंतर तो लाखोळी त्यांच्यासाठीच पेरू लागला. असं तोंडाने तो कधी म्हणाला नाही, पण विळा घेऊन तो तिकडे गेला नाही. वहिनी म्हणायची, "बाई, तुमच्या भावाले पोरं नाही झाले, हे बदकं झाले." वहिनीही शेवटपर्यंत बदकंच म्हणत राहिली. माझ्या नवऱ्याला तिच्यासारखी साथ आधी मिळाली असती तर मी केव्हाच उघडी पडले असते.

अलीकडे तिथे नागपूरचे लोक यायला लागले. रविवारी पहाटे गाड्या उभ्या राहतात, गळ्यात दुर्बिणी, तोफेएवढे कॅमेरे, मातीच्या रंगाच्या टोप्या. आमच्या नाकाला ते 'पॉइंट' म्हणतात. चांगली मुलं आहेत, हळू बोलतात, कचरा उचलून नेतात. एकीने मला विचारलं, "आजी, याला तुमच्याकडे काय म्हणतात?" पाण्याच्या कडेला एक लांब पायांचा, राखाडी, एकटाच पक्षी मान आत घेऊन, जगावर रुसून उभा होता. मला त्याचं नाव माहीत नव्हतं.

मी म्हटलं, "सासरा."

तिने ते फोनमध्ये लिहून घेतलं. मग मी थांबतेय कशाला. पाण्यावर पुढे एक आणि मागे एक अशी पोहणारी नारिंगी जोडी दिसली, ती झाली 'नवीन जोडपं'. चिखलात शेपटी सारखी वरखाली करणारा छोटा धोबी मला माहीत होता, पण त्याला मी 'मास्तरीण' केलं. पुढच्या वर्षी दुसरा एक दाढीवाला मुलगा दुसऱ्याला समजावत होता, "स्थानिक लोक याला सासरा म्हणतात." दादा ऐकत होता. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि विडी उलट्या बाजूने पेटवता पेटवता राहिला.

त्याच मुलाने पाण्याकडे हात करून म्हटलं, "किती शांत आहे ना इथे. काहीच नाही, नुसतं पाणी आणि आकाश." त्याने बोट दाखवलं होतं ते जवळपास आमच्या विहिरीवर. त्याला काय सांगणार, आणि सांगून त्याची सकाळ कशाला खराब करायची?

हे सगळं मागचं. आता या दिवाळीचं.

पावसाळ्यातच नव्या गावाच्या पंचायतीत सूचना लागली होती की यंदा धरणात पाणी आधीपेक्षा वर चढवणार. काठाने कोणी काही पेरू नये. दादाने ती वाचली. वाचता त्याला येतं, मानता येत नाही. मला फोनवर म्हणाला, "वर चढो की खाली उतरो, दसरा झाला की पाणी उतरतेच. जल्मात कधी चढलं नाही."

आणि मी म्हटलं, "हो ना गा. दसऱ्यानंतर पाणी कुठं चढते?"

दोघंही नदीकाठी वाढलेले. आम्हाला पाणी माहीत होतं, असा आमचा समज. आषाढात नदी दारापर्यंत यायची, भादव्यात रागावून जायची, आणि नवरात्र बसलं की ओसरायला लागायची. तिच्यामागे जो चिखल उरायचा त्यातच आम्ही जगलो. ओसरत्या पाण्यामागे पेरत जायचं, ही आमच्या गावाची रीत होती. पण ती नदीची रीत होती. धरणाची उलटी असते. पाऊस संपत आला की ते दारं लावून घेतात, आणि मग आकाश निरभ्र, ऊन चटचट, थेंब नाही, तरी पाणी हळूहळू वर चढत राहतं. एवढी साधी गोष्ट. सत्तरी ओलांडलेल्या दोन माणसांनी, ज्यांचं सगळं गाव ह्याच धरणात गेलं, तीच लक्षात घेतली नाही. इतकी वर्षं पाणी ठरल्या जागी थांबत होतं आणि आम्हाला वाटत होतं, ते आमचं ऐकतं.

दादाने नवरात्रात लाखोळी फेकली. मी रोज फोन करायचे.

"उगवली काय?"

"उगवली. दोन पानं आहेत."

मग एक दिवस, "पाणी थोडं वर आलं. पण उतरन."

मग वहिनीने फोन ओढून घेतला. "बाई, तुम्ही तरी सांगा ह्याहीले. दिवस उगवला की तिकडे, दिवस बुडला की घरी. काड्या रोवते पाण्याच्या कडेले. सकाळी पाह्यते तं काडी पाण्यात. मंग दुसरी रोवते. मी म्हटलं, बुडते तं बुडू द्या ना. तं म्हणते, बुडो, पण त्याहीले एक डाव उतरू दे."

एवढंच होतं दादाचं मागणं. राजहंस आले की एकदा, फक्त एकदा, आपल्या लाखोळीत उतरावे. मग नाक गेलं तरी चालेल. एवढं कमी मागणं मी कोणाचं ऐकलं नव्हतं, आणि तेही मिळेल असं मला त्या फोनच्या दिवसापासून वाटलं नाही.

भाऊबीजेला मी गेले. नंदनवनातून बसने कुहीला, तिथून ऑटोने नव्या गावात. ताट, करदोडा, नारळ पिशवीत. घरी दादा नव्हता. वहिनीने हाताने दिशा दाखवली आणि म्हणाली, "जा, तुमची भाऊबीज तिथंच करून घ्या. मले घरी करायची काही आशा नाही."

नाकापर्यंत चालत जायला मला पूर्वी काही वाटत नव्हतं. आता वाटेत दोनदा बसावं लागलं. टेकाडावर पोचले तर ते ओळखू येईना. जिथे दादा दर वर्षी बसायचा तिथून पाणी चार पावलांवर आलं होतं. मधे लाखोळीचा एक हिरवा पट्टा. फार सुंदर उगवली होती, खरं सांगते. अशी दाट लाखोळी बापाच्या काळातही पाहिली नव्हती. पाण्याच्या काठाने बुडालेल्या काड्यांची टोकं एकामागे एक दिसत होती, आत आत जाणारी.

"आले काय?" मी विचारलं.

"नाही," दादा म्हणाला. "बाकी सगळे आले. तुझी मास्तरीण आली. नवीन जोडपं आलं. सासराही येऊन उभा आहे पाह्य तिकडं. फक्त हे नाही आले."

"यावर्षी थंडी नाही पडली ना गा. म्हून उशीर."

"हो."

"येतीन दोन-चार दिवसांत."

दादाने पाण्याकडे पाहिलं. "दोन-चार दिवस आहेत काय?" असं तो म्हणाला नाही, पण मी ते ऐकलं.

टोपीवाले आले होते. खूश होते. पाणी वाढलं म्हणून बदकं वाढली होती, आणि त्यांच्या दृष्टीने हे बरोबरच होतं. एक मुलगी मला ओळखून म्हणाली, "आजी, यंदा मस्त आहे ना?" मी म्हटलं, "हो वं बाई." तिच्यावर रागवायला मला काही सापडलं नाही. दादा त्यांच्याजवळ गेला आणि त्याने पहिल्यांदाच त्यांना काही विचारलं. "तुमच्या फोनात दिसते काय, राजहंस कुठंपर्यंत आले ते?"

मुलीने पाहिलं. "आजोबा, अजून आपल्या भागात नाही आले. पण येतील. मागच्या वर्षीही थोडे उशिराच आले होते."

"उशीर करायचं हे वर्ष नोहे," दादा म्हणाला. तिला ते कळलं नाही, ती गोड हसली.

संध्याकाळी मी घरी त्याला ओवाळलं. पाटावर बसलेला होता, पण कान वर होते. बाहेर कुठे काही आवाज झाला की ताटातल्या दिव्यावरून नजर काढून छपराकडे पाहायचा. मी म्हटलं, "दादा, मी ओवाळून राहिली, राजहंस नाही. इकडं पाह्य." तो हसला आणि सुपारी घेतली. लहानपणी मी त्याला ओवाळताना कुंकू मुद्दाम नाकापर्यंत लावायचे, आणि तो मला मारायला धावायचा. तेव्हा मला वाटायचं, ह्याला काय, ह्याला बैल आहेत, वावर आहे, सगळं ह्याचंच. मला काय, मी जाणारी. दोन वेण्यांच्या त्या सेनापतीला कोणी सांगायला पाहिजे होतं की जायचं सगळ्यांनाच आहे, नुसती पाळी वेगळी आहे. पण ती ऐकणारी नव्हती. ती डबा वाजवण्यात गुंग होती.

दुसऱ्या दिवशी पट्टा अर्धा झाला. लाखोळीच्या टोकांवर पाणी खेळत होतं, आणि खालची पानं पाण्यातून हिरवीगार दिसत होती, काचेखाली ठेवल्यासारखी. वहिनीही आली होती. ती कंबरेवर हात ठेवून उभी राहिली.

"आता तरी काढून घ्या," ती म्हणाली. "भाजी तं होईन. असंही पाणी खाते, तसंही पाणी खाते."

"ते त्याहीचं आहे," दादा म्हणाला.

"त्याहीचं? ते कुठं आहेत? आले तं पाठवजा माझ्याकडे, मी वाढते त्याहीले."

"वहिनी," मी म्हटलं.

"काय वहिनी वहिनी. तुम्हीच डोक्यावर चढवले हे बदकं. राजहंस म्हणे. गावात कोणी त्याहीले राजहंस म्हणत नव्हतं, तुम्ही नागपूरले गेल्या अन् सुरू केलं."

हे अर्धं खरं होतं. म्हणजे वहिनी जिंकली, आणि जिंकल्यावर तिलाही बरं वाटलं नाही. ती पदर डोक्यावर घेऊन परत गेली.

आम्ही दोघं संध्याकाळपर्यंत बसलो. मी घरून आणलेला चिवडा खाल्ला. दादाने नाही खाल्ला. आकाश असं स्वच्छ होतं की त्यात काही असतं तर कोसावरून दिसलं असतं. एकदा उत्तरेकडून एक रांग आली, इंग्रजीतल्या 'व्ही'सारखी. दादा उठून उभा राहिला. मीही गुडघा धरून उठले. जवळ आल्यावर ते बगळे निघाले. दादा बसला. मी जरा वेळ उभीच राहिले, कारण बसायला त्रास होतो आणि पुन्हा उठायला आणखी.

"तू नागपूरले जा उद्या," तो म्हणाला. "इथं काही पाह्यासारखं नाही."

"मी तुले पाह्याले आली ना गा."

"मले काय पाह्यतं? मी कुठं उडून येऊन राह्यलो."

तिसऱ्या दिवशी सकाळी मी आणि वहिनी चहा पीत होतो. दादा आतून आला, भिंतीच्या खुंटीवरचा विळा काढला आणि निघाला. वहिनीने कप खाली ठेवला. ती माझ्याकडे पाहायला लागली आणि मी तिच्याकडे. दोन दिवस ती जे म्हणत होती तेच तो करायला निघाला होता, पण तिचा चेहरा असा झाला की जणू तिने काही वाईट बोलून टाकलं आणि ते खरं झालं.

"जाऊ काय मी त्याहीच्या मागं?" ती म्हणाली.

"नको," मी म्हटलं. "राहू दे."

तो परत आला तेव्हा धोतर मांडीपर्यंत ओलं होतं. दुपट्ट्यात बांधलेली लाखोळी त्याने वहिनीपुढे ठेवली. मुळाजवळचा चिखल धुऊन, निवडून आणली होती. पाण्यात उभं राहून कापली असणार. तो म्हणाला, "लसूण जास्त घालजो."

वहिनीने लसूण आणि लाल मिरचीची फोडणी दिली. आम्ही तिघं जेवायला बसलो. भाजी चांगली झाली होती, हीच वाईट गोष्ट होती. वाईट झाली असती तर टाकून देता आली असती. दादाने दोनदा मागून घेतली. मी काही तरी बोलायचं म्हणून म्हटलं, "दादा, आता आपल्याले डोक्यावर दोन पट्टे फुटतीन."

तो हसला. खरंच हसला, घास तोंडात असताना. वहिनी नाही हसली. ती भांडं खरवडत बसली, बराच वेळ, रिकामं झाल्यावरही.

त्या रात्री थंडी पडली. यंदाची पहिली. मी दोन गोधड्या घेतल्या. सकाळी निघताना दादा अंथरुणातच होता, भिंतीकडे तोंड करून. त्याला एवढ्या उशिरापर्यंत झोपलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मी पाया पडले, तो "हं" म्हणाला. वहिनीने मला रस्त्यापर्यंत सोडलं आणि बस मिळाली.

कुहीच्या आधी रस्ता धरणाच्या पाण्यावरून एका पुलावरून जातो. मी खिडकीकडे बसले होते. पुलावर बस हळू झाली तेव्हा मला ते दिसले. दूर, पाण्याच्या मधोमध, जिथे नाक संपत होतं त्याच्याही पलीकडे, भुरक्या ठिपक्यांचा एक मोठा पुंजका. काही मान पाठीत खुपसून झोपले होते, काही नुसते तरंगत होते. त्यातल्या एका-दोघांनी मान वर केली तेव्हा पांढऱ्या डोक्यावरचे पट्टे दिसले. माझ्या डोळ्यांनी एवढ्या दुरून दिसले की मी ते आठवून जागेवर लावले, कोणास ठाऊक. पण तेच होते. रात्रीच्या थंडीसोबत आले होते. थकलेले होते. आणि उतरायला त्यांना काही अडचण आली नव्हती, पाणी भरपूर होतं.

मी फोन काढून लावला. दादाला सांगावं की सांगू नये हे ठरायच्या आतच तिकडून त्याने उचलला.

"बस भेटली ना?" तो म्हणाला.

"भेटली. दादा..."

"आयकले मी," तो म्हणाला. "पहाटेच वरून गेले. लय होते."

"मग गेला नाही काय पाह्याले?"

"कुठं?"

मी खिडकीतून पाहत होते. कुठे ते मला दिसत होतं, पण बोट दाखवून सांगावं असं तिथे काही नव्हतं. मागच्या सीटवर कोणाचं तरी लेकरू रडत होतं. पूल संपला आणि बसने वेग घेतला.

"हॅलो," दादा म्हणाला. "आवाज येऊन राह्यला काय?"

"येऊन राह्यला."

"घरी पोचली की फोन करजो. अन् गुडघ्याले तेल लावजो, परवा लय चालली तू."

"हो," मी म्हटलं.

त्याने फोन ठेवला नाही. मीही ठेवला नाही. तिकडे वहिनी भांडी घासत असल्याचा आवाज येत होता, आणि मग कुहीजवळ रेंज गेली.